चट्ट्यावर फिरवलेले पीस

मंगळवार, सायंकाळ

मी, नारायण भिवाजी बोरकुटे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, राहणार चामोर्शी, खरे तेच लिहितो.

नात सुषमा मुरुमांवर टी ट्री ऑइल, ते झाडाचे जहाल तेल, खोबरेलात न मिसळता नुसतेच चोपडते. आज तिच्या तेलकट गालावर लाल चट्टा दिसला. थोरल्या भावाचा महारोग अशाच चट्ट्याने सुरू झाला होता. त्या रोगात स्पर्श कळत नाही. म्हणून तिला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावरून कोंबडीचे पीस फिरवले. ती गप्प. पुन्हा पीस फिरवले.

"आबा, आग होऊन राह्यली ना! काऊन छळून राह्यले?"

सून म्हणते, तेलानेच भाजले. असेल. पण पहिल्या वेळी ती गप्प का राहिली? उद्या दवाखान्यात नेतो.

समक्ष हजर: सुषमा, सून कमल, आणि तसबिरीतले थोरले भाऊ, ज्यांना आम्ही अखेरपर्यंत शिवलो नाही.