गिटार आडवी ठेवणार नाही

धुळे, ४ डिसेंबर १९३८, रविवार

लोखंडाची कांडी! शालिग्रामराव वकील सकाळी घरी आले, चहा घेतला आणि खिशातून एक गुळगुळीत लोखंडी कांडी काढून माझ्यासमोर ठेवली.

"झुंबरबाई, जलशात वाजवा, आमची ना नाही. पण गिटार मांडीवर आडवी ठेवा आणि ही कांडी तारांवरून फिरवा. मुंबईत हल्ली सगळे असंच वाजवतात. बायकांना तेच शोभतं."

शोभतं!

मी म्हटलं, "ती हवाई बेटांवरची पद्धत. मी शिकले ती स्पॅनिश. दोन्हींचा हात वेगळा." तर हसले. म्हणाले, "वाद्य तर एकच ना?" हो, आणि विळी नि तलवार दोन्ही लोखंडाचीच!

हे गृहस्थ संगीत मंडळाचे चिटणीस, आणि ८ जानेवारीचा जलसा मंडळाचाच. मी शिकवते त्या मुलींच्या शाळेच्या कमिटीवरही हेच. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "शिक्षिका पाय वर घेऊन, वाद्य छातीशी धरून बसली, तर कमिटीला विचार करावा लागेल."

पाय वर म्हणजे काय, तर डावा पाय वीतभर उंचीच्या पाटावर! गुडघा जरा उचलला की गिटार डाव्या मांडीवर नीट बसते आणि डावा हात मोकळा होतो. लुगड्याखाली घोटासुद्धा दिसत नाही. आरशासमोर बसून पाहिलंय मी.

आणि दादा? माझा सख्खा थोरला भाऊ मोतीलाल? याच वकिलांच्या हाताखाली कारकून ना! "बघतो, समजावतो तिला," म्हणाला. मला समजावणार!

५ डिसेंबर

कांडी वहिनीने स्वयंपाकघरात नेली. लसूण ठेचायला बरी आहे म्हणे. वहिनीचं आणि माझं प्रथमच एकमत!

११ डिसेंबर

ते एकमत टिकलं नाही. आज भरताची वांगी भाजली होती. मी सोलायला हात घातला, तर भिकुबाई वहिनी ओरडलीच, "हाऊ हात शे का वाघना पंजा? कापी टाका ती नखं! बठ्ठी गल्ली हसस तुमले." वहिनी साक्रीकडच्या खेड्यातली. रागावली की घरचीच अहिराणी येते तोंडात. सगळी गल्ली हसते म्हणे मला!

वाघाचा पंजा! उजव्या हाताची चार नखं, तीही ज्वारीच्या दाण्याएवढी वाढलेली. डाव्या हाताची कातडीपर्यंत कापते, ती कुणाला दिसत नाहीत! नखाच्या कडेने तार सुटली की सूर कसा स्वच्छ निघतो, हे कुणाला सांगू? रात्रंदिवस जपते मी ती. भांडी घासते ती डाव्या हाताने. तरी मी आळशी!

मग वहिनीने तारा कशाच्या म्हणून विचारलं. खरं ते सांगितलं. तातीच्या. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते ना, तीच जात. म्हणजे आतडं? म्हणजे आतडंच. झालं! गिटार ओसरीवर. देवघराच्या भिंतीला नको.

आणि तबल्याचं कातडं कोणत्या झाडाला लागतं?

१४ डिसेंबर

डोकं शांत व्हावं म्हणून फिलोमेनाबाईंची आठवण काढत बसले.

लहानपणी भुसावळला रेल्वेच्या चाळीत आमच्या शेजारची खोली त्यांची. गोव्याच्या. नवरा गार्ड होता, तो लवकर गेला. त्यांचे वडील मुंबईला एका स्पॅनिश पाद्र्याकडे गिटार शिकले, ते त्यांनी लेकीला दिलं आणि लेकीने मला. फी घेतली नाही कधी. आई सणाला पुरणपोळी पाठवायची, तेवढंच.

"तार छेडून बोट हवेत उडवू नको, बाय. शेजारच्या तारेवर टेकव. टेकलेल्या बोटाचा सूर भरून येतो." वर्षभर हे एकच. पुढे अंगठा खाली चाल धरतो आणि वर अनामिका, मधलं, तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ पडतात, ते शिकवलं. नीट जमलं तर सूर तुटतच नाही, नुसता थरथरत राहतो. ऐकणाऱ्याला वाटतं, दोघं वाजवतायत. हे काय कांडीने होणार आहे?

वकिलांची कुरकुर तेव्हाच सुरू झाली होती, म्हणून दिवाळीत भेटले तेव्हा शब्द दिलाय त्यांनी. जलशाला येणार, मंडळींसमोर उभ्या राहणार. म्हणाल्या, "मी सांगते तुझ्या वकिलाला. ही पद्धत कुठून आली, अशीच का धरायची. माझं पांढरं डोकं बघून तरी ऐकेल." एकदा त्या आल्या की बघतेच शालिग्रामरावांकडे!

२५ डिसेंबर

नाताळचं कार्ड टाकलं होतं बाईंना. उत्तर नाही. एरवी उलट टपाली येतं.

शालिग्रामराव बाजारात भेटले. म्हणतात, "स्पेनात भाऊ भावाला मारतोय, पेपर वाचता ना? त्या देशाचं काय घ्यायचं?" मग इंग्लंडचा कोट कसा घातलाय अंगात? हे ओठावर आलं होतं. गिळलं. नोकरी!

१ जानेवारी १९३९

अजून काही नाही. पुन्हा लिहिलं. बाई, निदान गाडी कोणती ते तरी कळवा.

७ जानेवारी

आल्या नाहीत!

भुसावळची माणसं चाळीसगावला गाडी बदलतात, म्हणून तिकडून येणाऱ्या दोन्ही गाड्यांना स्टेशनवर उभी होते. संध्याकाळची गाडी रिकामी झाली, हमालही निघून गेले. आल्या नाहीत, निरोप नाही, काही नाही. घरी शालिग्रामराव बसलेलेच. "काय, गुरूच फिरकल्या नाहीत? त्यांनाही ठाऊक असणार, कुठे काय शोभतं ते."

बाकीच्यांचा राग येतो. बाईंचा आला तो वेगळाच. शब्द दिला होता!

८ जानेवारी

वाजवलं. सरळ बसून. खुर्चीत, डावा पाय पाटावर.

पाट न्यायचा विसरले होते. वहिनीने पदराखालून काढून पुढे केला! घरापासून तसाच आणला होता. तोंड फुगवलेलंच, पण आणला.

शालिग्रामरावांनी व्यासपीठावरून सांगितलं, "बाईंनी आमची सूचना मानलेली नाही. श्रोत्यांनी सांभाळून घ्यावं." काय सांभाळून घ्यावं? मी खोकले का? बेसूर झाले का? अजून तार छेडलीही नव्हती!

पहिली गत नीट गेली. दुसरी थरथरत्या सुराची. ती चालू असताना मागून कुणीतरी ओरडलं, "पाय खाली!" हशा पिकला. बोटं थांबवली नाहीत मी. अंगठ्याची चाल धरून ठेवली. हशा विरला. पुढच्या रांगेतले म्हातारे तबलजी मुख्तारमियाँ मान वर करून माझ्या बोटांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ये तो दो हाथ का काम एक हाथ में!" वाहवा मिळाली ती एवढीच.

आणि दादा? हशा झाला तेव्हा उठून बाहेर गेला. परत आलाच नाही.

टांग्यात वहिनी म्हणाली, "नाव ठेवाले बठ्ठा येतस, झुंबरबाई. वाजाडाले कोनी नही."

९ जानेवारी

शाळेत बोलावणं. कमिटीचे सगळे. "जलशातील अशोभनीय वर्तनाबद्दल" माफी लिहून द्यायची आणि पुन्हा जाहीर वाजवायचं नाही. नाहीतर नोकरी संपली.

माफी? भिंतीला टेकून लोळत पान खाणारे पुरुष शोभतात. ताठ बसलेली बाई अशोभनीय!

दादा म्हणतो, "दोन ओळी लिहून टाक. काय जातं तुझं?" मी विचारलं, "काल का गेलास उठून?" तर म्हणाला, "मला बघवेना." माझं वाजवणं बघवेना, की त्यांचं हसणं?

आज बाई शेजारी असत्या तर कमिटीपुढे मी एकटी नसते. एकटी उभी होते मी. त्यांनी उभं केलं एकटीला!

११ जानेवारी

शाळेने परवापर्यंत मुदत दिलीय. मी भुसावळला जाते. तोंडावर विचारणार. का नाही आलात? शिकवायला भीती नाही वाटली, सांगायला वाटली? गिटार बरोबर घेतलीय. परत करून टाकीन म्हणते. त्यांचीच आहे. जुनी, त्यांच्या वडिलांची. त्यांच्या हातात ठेवीन आणि निघेन.

भुसावळ, १२ जानेवारी

बाईंचं उजवं अंग लुळं पडलंय. जीभही. शेजारच्या सुगराबीने दारातच सांगितलं. दिवाळीनंतर थोड्याच दिवसांनी झटका आला. अर्ध्यामुर्ध्या शब्दांत, खुणेने बाईंनी बजावलं होतं, जलसा होईपर्यंत झुंबरला कळवायचं नाही.

काही विचारलं नाही मी. गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. सरळ. त्यांनी डाव्या हाताने पट्ट्यांवर तारा दाबल्या, बोटं अजून अचूक, आणि माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं. मी त्यांच्या अगदी कुशीत शिरून बसले आणि तारा छेडल्या. डावा हात त्यांचा, उजवा माझा.

शाळेला तार केली. माफी नाही. परत येत नाही.