रविवारी घेतलेलं नाव

शिरूर,
४ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,
सायलीचा प्रभूमध्ये सा. सलाम. वि. वि. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून बोलावं तर खोलीतल्या पोरी कान टवकारतात. म्हणून हे पत्र.

रांजणगावच्या कंपनीत काम जमलंय, पण जेवायची सुट्टी नको वाटते. मी ताटावर आशीर्वाद मागायला डोळे मिटले की माझ्याच लाइनवर काम करणारी रुपाली माझी भाजी पळवते. डोळे उघडले की सगळं टेबल हसतं, देवानं नेली असेल म्हणतं. परवा तिच्या शेजारी बसणाऱ्या धनश्रीनं त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. आता सगळी लाइन मला पाद्रीणबाई म्हणते.

कालपासून मी डोळे उघडे ठेवूनच जेवते. प्रार्थना मनात म्हणते असं मीच मला सांगते, पण खरं तर म्हणत नाही. त्याची लाज वाटते, आणि रुपालीचा इतका राग येतो की घास उतरत नाही. तुम्ही मात्र इकडं येऊ नका, मला अजून कायम केलेलं नाही.

आईला सलाम. लेकीवरची माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
सायली

दौंड,
१० फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस,
आबाचे अ. आ. तुझं पत्र वाचून तुझी आई रडली. मग म्हणाली, आता दोन डबे भरून नेत जा म्हणावं, एक तुला आन् एक चोराला.

पोरी, रेल्वेच्या नोकरीत मलाबी बाटगा म्हणायचे. जेवायच्या आधी प्रार्थनेला मी टोपी काढायचो, ती काढतच राहिलो. शेवटी कंटाळा त्यांना आला, मला न्हाई. तवा तू डोळे मीट.

काल चर्चमधी उपासनेत पाळकांनी प्रार्थनेसाठी नावं मागितली. मी उभा राहिलो आन् रुपालीचं नाव सांगितलं, कंपनीच्या नावासकट. माझ्या लेकीला छळती, देवानं तिला सुबुद्धी द्यावी आन् तिचं भलं करावं, असं मागितलं. बहिऱ्याचा आवाज, पार रस्त्यापर्यंत गेला म्हणं. सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. आता निर्धास्त जेव.

तब्येतीला जप, आम्हाला इसरू नको.
तुझा,
आबा

शिरूर,
१५ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,
सा. सलाम. आबा, हे काय करून बसलात. वरवंडची अंकिता आमच्याच लाइनवर आहे, आणि तिची शेजारीण आपल्या मंडळीत येते. रुपालीचं नाव चर्चमध्ये घेतलं हे कंपनीभर झालं. नेमकी त्याच आठवड्यात तिची लेक तापानं फणफणली. आपण करणी केली अशी रुपालीची पक्की समजूत झालीय. कँटीनमध्ये सगळ्यांसमोर रडली, आणि पोरीला काही झालं तर तुला सोडणार नाही म्हणाली. मला तिची भीती वाटते.

सुपरवायझर हौसराव सरांनी बजावलंय की धर्माची भांडणं लाइनवर आणली तर दोघींनाही घरी बसवीन. सोमवारी मला सगळ्यांपुढं खुलासा करायचाय. धनश्री म्हणते, हे खूळ वडिलांचं, मी काही त्यातली नाही, एवढं म्हण आणि सुट. तुमचं उत्तर येईस्तोवर सोमवार होऊन जाईल. काय करू, कळत नाही.

आईला यातलं सांगू नका. आठवण असू द्या.
तुमची,
सायली

शिरूर,
१८ फेब्रुवारी २०२५

ती. आबांना,
सायलीचा प्रभूमध्ये सा. सलाम. वि. वि. काल जेवायच्या सुट्टीत सगळ्या जमल्या. धनश्रीनं शिकवलेलं वाक्य अगदी ओठांवर होतं, पण निघालं नाही. मी रुपालीला म्हटलं की मी ख्रिस्ती आहे, आणि आबांनी तुझं भलं व्हावं एवढंच मागितलं. त्यावर रुपाली म्हणाली की मग आत्ता, इथंच, मोठ्यानं माग.

मी डोळे मिटले. मागं कोणीतरी फिदीफिदी हसलं. आणि आबा, तिचं भलं व्हावं असं मला वाटतच नव्हतं. मग तेच बोलले. प्रभू, माझा हिच्यावर राग आहे, हिच्यासाठी काही मागावंसं वाटत नाही, पण हिच्या लेकीचा ताप उतरू दे.

डोळे उघडले तर रुपाली माझ्याकडंच बघत होती. हे तरी खरं बोललीस म्हणाली आणि उठली. तिची लेक दवाखान्यात आहे, टायफॉइड निघालाय, सलाइन चालू आहे. हौसराव सर अजून काही बोललेले नाहीत. बाकीच्यांचं हसणं चालूच आहे.

जाताना रुपालीनं एवढंच सांगितलं की तिला न विचारता तिचं नाव चर्चमध्ये निघता कामा नये. आबा, तिचं बरोबर आहे. या रविवारी उभे राहिलात तर माझं नाव घ्या. राग माझ्यात आहे.

माया आहे तशीच राहू द्यावी.
तुमची,
सायली