खिशात सांग

बाबा, तुम्हाला मुद्दाम लिहितोय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर अर्धंच कळेल. मला ऐकायचं मशीन लागलं, दोन्ही कानांना. तुमच्यासारखी खिशातली डबी नाही. कानामागे शेंगदाण्याएवढं काहीतरी बसतं आणि त्यातून केसासारखी वायर कानात उतरते. तुम्ही असतात तर आधी चष्मा पुसून ते तळहातावर घेतलं असतंत.

तुमची डबी मला लख्ख आठवते. काड्यापेटीहून थोडी मोठी, सदऱ्याच्या डाव्या खिशात, आणि तिच्यापासून पिळाची वायर उजव्या कानापर्यंत. माइक डबीतच, म्हणजे तुमचा कान खरा छातीवर होता, आणि हे सगळ्यांत आधी आईने ओळखलं. दहिसरच्या आपल्या खोलीत ती हातातलं पीठ झटकत उठते, तुमच्यासमोर वाकते आणि खिशात बोलते, "ओ, आयकलात? रॉकेल संपला." शेजारणी हसायच्या. मग तो घरातला शब्दच झाला. महत्त्वाचं काही असलं की आई म्हणायची, "माका नको, खिशात सांग." मी पुढे शिकणार नाही, हेही मी तुमच्या खिशातच सांगितलं. तुम्ही डबीचं चाक फिरवून ती बंद केलीत. एवढंच तुमचं रागावणं. पुढे नवी डबी आली तेव्हा जुनी माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "घे. ह्येच्या पोटात काय आसा ता बघ."

मी बघितलं, आणि अजून तेच बघतोय. मालाडला स्पीकर आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे माझं. सर्किट वाचायला मी स्वतः शिकलो, कॉइल गुंडाळायला स्वतः शिकलो, आणि मला कुणी शिकवलं नाही हे गिऱ्हाइकाला चहा येईपर्यंत सांगून झालेलं असतं. मीटर मी शेवटी लावतो, आधी कान लावतो. त्याच कानांनी घात केला. एका भजनी मंडळाचा स्पीकर आला होता. बुवा म्हणाले, टाळ वाजले की वर चरचरतो. मी ऐकलं, मला साफ वाटला. "बुवा, चरचर तुमच्या कानात आहे," असं म्हणून मी त्यांना हसून वाटेला लावणार, तेवढ्यात डबा घेऊन आलेली बायको दारातूनच म्हणाली, "चरचरतोय की हो." बुवांनी स्पीकर पुन्हा माझ्याकडे सरकवला, ते जास्त लागलं. संध्याकाळी ती म्हणाली, "घरात ऐकत नाही ते सोडा, त्याची मला सवय आहे. पण दुकान चालवायचंय ना? मग कान दाखवा."

बोरिवलीच्या क्लिनिकमध्ये जाण्याआधी मी सगळं वाचून गेलो होतो. माझं ठरलं होतं: कानाच्या आत पूर्ण लपणारं, सगळ्यांत लहान. ज्याचे हात दुसऱ्यांचा आवाज दुरुस्त करतात त्याच्या कानावर मशीन दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? तपासणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, मशीन लपवायचंय की ऐकायचंय?" मग आलेख दाखवला. मला खालचा, जाड आवाज जवळजवळ शाबूत ऐकू येतो, वरचा, बारीक उतरत गेलाय; स, श, फ, टाळ, काचेच्या बांगड्या, सगळं तिकडे. तिने माझ्या कानांत रबराची बंद टोपी बसवली आणि म्हणाली, "आता बोला." माझाच आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला. ती म्हणाली, जे शाबूत आहे त्याची वाट बंद का करायची? कानामागचं घ्या, टोपी भोकांची लावू, खालचा आवाज आपल्या पायांनी आत येईल, मशीन फक्त वरचा देईल. बाबा, मी इतकी वर्षं स्पीकरच्या खोक्याला भोक कुठे पाडायचं यावर डोकं चालवतोय, आणि स्वतःच्या कानाला बूच मारायला निघालो होतो.

मी म्हटलं, पण हे आवाज बदलतं. बोलणं सुधारण्यासाठी गोंगाट दाबतं, मोठा आवाज आवळतं. मला स्पीकरची खोड ऐकायची असते आणि हे तीच झाकून ठेवेल. ती हसली नाही. "बरोबर आहे," म्हणाली, "दुकानासाठी वेगळा प्रोग्रॅम देते, त्यात असली कारागिरी कमीत कमी. घरासाठी दुसरा." मग तिने सुतासारखी नळी माझ्या कानात सारली, पार कानाच्या पडद्याजवळ. नळीच्या दुसऱ्या टोकाला माइक होता. आवाज माझ्या कानात पोचल्यावर नेमका किती उरतो, ते कॉम्प्युटरवर रेघेने उमटायला लागलं. प्रत्येकाच्या कानाची पोकळी निराळी, म्हणून. मी त्या रेघेकडे बघतच राहिलो. तुमच्या डबीला एकच चाक होतं, बाबा. आईचं बोलणं, पडलेलं ताट आणि सदऱ्याची घासण, सगळं एकाच जोराने कानात. तुम्ही जेवताना ती बंद करायचात. आम्हाला वाटायचं, तुम्हाला आमच्यापासून सुटका हवी असते.

पण सांगायचं होतं ते याच्या आधी घडलं. तपासणीत ती तोंडासमोर कागद धरून शब्द बोलली. ती "पाट" म्हणाली, मी "ताट" म्हटलं. असे कितीतरी चुकले. कागद काढून तेच शब्द बोलली तर जवळजवळ सगळे बरोबर. तिने पेन खाली ठेवलं. "काका, तुम्ही ओठ वाचता. फार सफाईने. कुठे शिकलात?" नेहमीचं उत्तर जिभेवर आलं होतं, कुणी शिकवलं नाही. ते तिथेच थांबलं. मला तुमच्या गिरणीतलं साचेखातं दिसलं. तुम्हीच सांगायचात, मागांच्या खडखडाटात तिथे कुणी ओरडायचं नाही, ओठ हलवायचे आणि चार माग पलीकडचा हसायचा. तीच बोली तुम्ही घरी आणलीत. डबीचा सेल उतरला की तुम्ही आणि आई खोलीच्या दोन टोकांना बसून बिनआवाजाचं भांडायचात, आणि मी मधे अभ्यासाचं सोंग करून सगळं वाचायचो. माझे कान कधीपासून जात होते कुणास ठाऊक. इतकी वर्षं तुम्ही मला सांभाळून नेत होतात आणि मी ते माझं कसब समजत होतो.

मशीन लावून पहिल्या सकाळी दुकान उघडलं. सोल्डरिंगची इस्त्री तापली, सोल्डर टेकवलं, आणि बारीकशी "स्स" आली. हा आवाज मी विसरलोय हेसुद्धा विसरलो होतो. हात तसाच धरून पुन्हा टेकवलं, पुन्हा. मग बुवांचा स्पीकर लावला. चरचर होती, अगदी वर, कोरड्या पानावर नख फिरवावं तशी. मी बुवांना फोन केला. "सापडली," म्हटलं. ते म्हणाले, "कुठे, माझ्या कानात?" बायको मागे हसली, तेही ऐकू आलं.

क्लिनिकवाल्या मुलीने बजावलंय, आता ओठांकडे बघू नका, कानाला सवय होऊ द्या. मी हो म्हटलं. पण तुम्हाला म्हणून सांगतो, मी ते सोडणार नाही. इथवर लिहून झाल्यावर तुमची जुनी डबी सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवली आणि खाली मान घालून सगळं पत्र नुसत्या ओठांनी वाचलं. इतकं महागाचं मशीन कानाला, त्याला एक अक्षर ऐकू आलं नाही.