मनोऱ्यावरचं माणूस

प्रिय तोर्ग्रिमदादा,

"त्याला अमेरिकेहून बोलाव, नाहीतर पाद्री चर्चच्या मनोऱ्यावर पत्रा ठोकतील," असं बाबा म्हणाले, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं होतं. पाणी मुरू नये म्हणून त्या मनोऱ्याच्या लाकडी छपराला डांबर लावायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घराचा, आणि बाबांचे गुडघे तर गेलेले.

पण काल डांबर मुरेल असं कडक ऊन पडलं आणि मीच कमरेला दोर बांधून चढले.

"पातळ लाव गं, पावाला लोणी फासतेयस का?" बाबा खालून ओरडत होते.

पाद्रींनी विचारलं, "वर कोण, तोर्ग्रिम आला?"

"छे. तो कोपरे सोडायचा. ही माझी गुनवोर."

पाद्रींनी मान वर करून एकेक कोपरा न्याहाळला. मग म्हणाले, "पत्रा नको."

दादा, आता हे पत्र पाठवत नाही. तू तिकडेच सुखात राहा.

डांबरानं माखलेल्या हातांची,
गुनवोर