यंदाचा दसरा काढताना

११ सप्टेंबर

नगरहून परत आलो. एसटीत खिडकीशी बसूनही धाप थांबली नाही. डॉ. म्हणाले, दमा आहे, आणि तो तुमच्याच घरातल्या साफसफाईने वाढवलाय. झाडू बंद, अ‍ॅसिड बंद, ब्लीचिंग पावडर बंद, फिनेल बंद. उदबत्ती आणि धूपही बंद. मी म्हटलं, मग श्वास तरी घेऊ का? हसले नाहीत. म्हणाले, "मावशी, त्यासाठीच सांगतोय. फुफ्फुसाचं जे गेलं ते गेलं. उरलंय ते सांभाळा, नाहीतर पुढच्या वर्षी जिना चढता यायचा नाही."

एक पंप दिलाय ओढायला. सकाळ-संध्याकाळ.

हे वाटेत एक शब्द बोलले नाहीत. बाजारपेठेत दावी, वेसणी, घुंगरं विकणारा माणूस, गिऱ्हाइकाशी दिवसभर तोंड चालतं. घोडेगावला उतरल्यावर म्हणाले, "झाडू मी लपवून ठिवतो."

ठेवा. मला काय सापडणार नाही?

१३ सप्टेंबर

घर आता सुनेच्या हातात. रेश्मा झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसते. डॉ.नी तसंच सांगितलंय म्हणे. मी खुर्चीत बसून बघते. कोपरे सोडते. पलंगाखाली हात पोचत नाही तिचा. बोलायचं नाही असं ठरवलं आणि दुपारपर्यंत दोनदा बोलले.

रस्त्यावरचं घर. बाजाराच्या दिवशी जनावरांचे टेम्पो एकामागे एक, आणि वाळक्या शेणाची धूळ ओट्यावरून थेट देवघरात. ती ओल्या फडक्याने जात नाही, तिचा चिखल होतो. आणि बोअरचं पाणी इतकं जड की मोरीच्या फरशीवर आठवड्यात पांढरा थर चढतो. तो निघतो फक्त अ‍ॅसिडने. सायकलवर कॅन लावून सुटं अ‍ॅसिड विकणारा आज आला होता. रेश्माने त्याला दारातूनच परत पाठवलं. मला विचारलंसुद्धा नाही!

मोरीच्या कोनाड्यात मागची अर्धी बाटली आहे. ते तिला माहीत नाही.

१६ सप्टेंबर

शेजारची ताराबाई बघायला आली. बघायला म्हणजे पंप बघायला. "पंपाची सवय लागती बरं. येकदा लागला की सुटत न्हाई. माझ्या जावंचं तसंच झालं."

जावेचं काय झालं ते मात्र सांगितलं नाही.

ती असेपर्यंत पंप ओढला नाही. छाती भरून आली तरी हसून बोलत राहिले. ती गेल्यावर फ्रीजच्या आडोशाला उभं राहून ओढला. रेश्माने पाहिलं. म्हणाली, "आत्या, समूर ओढा की. चोरून काय ओढायचं, दारू हाय का ती?"

राग आला. मग हसू आलं. हसल्यावर खोकला.

२० सप्टेंबर

वन्संचा फोन, श्रीगोंद्याहून. घट बसायला दरवर्षी माहेरी येतात. थोरल्या घराचा घट आमच्याकडे, त्यामुळे भावकीतल्या सगळ्यांचे पाय लागतात. तब्येतीचं विचारलं, पण आधी हे: "काढला का दसरा?"

म्हटलं, चालू आहे.

कुठलं चालू. घरातलं सगळं अंगणात काढायचं. भिंती, जळमटं, माळा. गोधड्यांपासून उशीच्या खोळांपर्यंत सगळं धुऊन घ्यायचं. फळीवरचा एकूण एक डबा घासायचा. लग्न होऊन आले त्या वर्षापासून दसरा मी काढते. बाळंतपणानंतर काढला, सासूबाई गेल्या त्या वर्षीही काढला. वन्सं आल्या की आधी फळीवर बोट फिरवतात, मग चहा घेतात. त्यांच्या बोटाला कधी काही लागलेलं नाही.

हात शिवशिवतात. घट अमावास्येनंतर बसायचा आणि मी खुर्चीत बसून शेंगा सोलते.

२४ सप्टेंबर

आज घरात कोणी नाही. मुलगा विजय कांद्याची गाडी घेऊन बंगळुरूला. हे दुकानात. रेश्मा गोधड्या धुवायला पाटाच्या पाण्यावर गेलीय, ताराबाईबरोबर.

पंप ओढलाय. छाती मोकळी आहे. भिंतींना हात लावणार नाही, तेवढी अक्कल आहे. फक्त मोरी आणि संडास घासून घेते. किती वेळ लागतो त्याला

२७ सप्टेंबर

नगर. दवाखाना. आज हातात पेन धरवलं. वही ह्यांनी आणून दिली, न सांगता.

अ‍ॅसिड ओतलं. थर निघेना म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. याआधीही टाकलीय, पण दार उघडं ठेवून. या वेळी घटाची काळी माती आणि परडी देवघरात आणून ठेवलेली. तिथवर संडासाचा वास जायला नको म्हणून दार लावलं, खिडकीही लावली. देवीच्या मातीला वास लागू नये म्हणून.

हिरवट धूर. डोळे गेले आधी. मग श्वास आत जाईना. बाहेर येतो पण आत जात नाही, असं कधी झालं नव्हतं. ओरडावं तर आवाजाला हवा लागते.

कडी आतून लावली नव्हती. रेश्मा साबण विसरली म्हणून परत आली होती. तिने काखेत हात घालून अंगणात ओढलं. पुढचं आठवत नाही. ताराबाईच्या पोराची गाडी होती म्हणे.

तरुण डॉक्टरीण बाई विचारत होती, काय काय मिसळलं? मला सांगताना लाज वाटली. काय चोरी केली होती मी, घरच तर घासत होते. ती म्हणाली, ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो, अशा बायका दर सणाला येतात.

नाकात नळी. दिवसातून बऱ्याचदा वाफ. भीती वाटते. लिहून ठेवते, कारण कोणाला सांगणार नाही. मरायची नाही इतकी, त्या मधल्या वेळेची वाटते. श्वास आत न येण्याच्या.

२९ सप्टेंबर

घरी. ओट्याच्या पायऱ्यांवर दोनदा थांबले.

हे आज बोलले. चहा देता देता, भिंतीकडे बघून. "घर राहू दी घान. मला तू पायजे."

उभ्या संसारात असं काही ऐकलं नव्हतं. म्हटलं, चहात साखर कमी आहे. मग आत जाऊन रडले.

३० सप्टेंबर

घरात राहिले की उठेन, म्हणून ह्यांनी दुकानात नेऊन बसवलं. दाव्यांच्या ढिगामागे खुर्ची. तिथे तागाचे तंतू उडतात, म्हणून तोंडाला रुमाल. एक म्हातारा बैलाची वेसण घ्यायला आला. माझ्याकडे बघून ह्यांना म्हणाला, "मालकीण गल्ल्यावर बसवली का?" हे म्हणाले, "व्हय, आता समदा कारभार तिचाच." बरं वाटलं. दसऱ्याचा विचार दुपारपर्यंत आला नाही.

१ ऑक्टोबर

आज दुकानातून लवकर आले. अंग दुखत होतं. अंगणात सगळं सामान. डबे, पेटी, पाट. रेश्माने माझ्या मागे दसरा काढायला घेतलेला.

आत गेले तर माळ्यावरची धूळ खाली उतरवलेली, उन्हाच्या पट्ट्यात नुसती तरंगत होती. मी दारातच थांबले. मोरीतून तो वास.

"रेश्मा!"

ओढणी तोंडाला बांधून बाहेर आली. डोळे लाल. "आत्या, तुमी कशाला आलात? भाईर व्हा आधी." मग म्हणाली, "पावडर न्हाई टाकली. नुसतंच अ‍ॅसिड हाय. सायकलवाल्याकडून घेतलं. दार बी उघडं ठिवलंय."

तिला वाटलं मिसळलं तरच वाईट. पोरीने दवाखान्यातून एवढंच उचललं.

म्हटलं, कोणी सांगितलं होतं तुला? तर म्हणते, "तुमच्या वन्सं येनार. फळीवरनं बोट फिरवून तुमाला बोलत्याल. तुमी इतकी वर्षं बोलून घेतलं न्हाई, माझ्यामुळं का घ्यावं?"

आणि खोकली. मी दारात, ती चौकटीला धरून. खोकला थांबल्यावर श्वास घेतला तेव्हा आत शीळ वाजल्यासारखा बारीक आवाज. तो आवाज मी ओळखते. बाहेरच्याला ऐकू येत नाही, घरातल्याला येतो.

"कधीपासून आहे हे?"

"कामानं असंल आत्या."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

पावसाळ्यापासून! एकाच घरात राहतो आम्ही. माझा खोकला इतका मोठा की तिचा कोणाला ऐकूच आला नाही.

२ ऑक्टोबर, अमावास्या

सकाळी तिला अंगणात बसवलं. म्हटलं, आता काही काढायचं नाही. जे झालंय ते झालं, बाकी राहू दे. ह्यांनी ओला रुमाल तोंडाला बांधून डबे नुसते पुसून आत लावले. चुकीच्या फळीवर. पिठाचा डबा तांदळाच्या जागी. मी तसाच राहू दिला. माळा तसाच. मागची खोली तशीच, दार ओढून घेतलं. मोरीवर पांढरा थर अर्धा निघालेला, अर्धा तसाच.

रेश्मा रडवेली. "आत्या, अर्ध्यात कसा सोडायचा दसरा? देवी बसनार हाय."

मलाही तेच वाटत होतं, शपथेवर. घरभर नजर जाईल तिथे धूळ दिसते, आणि ती मला आतून खाजवते. तरी म्हटलं, देवीला नाक असेल तर तिलाही अ‍ॅसिड सोसत नसेल.

पाप लागलं तर माझ्या नावावर.

उरलेली अ‍ॅसिडची बाटली ह्यांनी झाकण घट्ट लावून नेली. कुठे नेली विचारलं नाही. कळलं तर आणीन, माझा मला भरवसा नाही.

३ ऑक्टोबर

घट बसला. परडीत माती, सात धान्यं, वर तरवडाची माळ. सुंदर दिसतो. दरवर्षीइतकाच.

वन्सं आल्या. चप्पल काढली, पाणी प्याल्या, आणि फळीकडे गेल्या. बोट फिरवलं. या वेळी बोट काळं झालं. उजेडात धरून बघितलं त्यांनी. भावकीतल्या चार बायका बघत होत्या. रेश्माने मान खाली घातली.

"काय गं हे? दसरा न्हाई काढला?"

म्हटलं, "अर्धा काढला, वन्सं. अर्धा सोडला. माझ्या छातीत आता तेवढा श्वास नाही, आणि रेश्माला काढू देणार नाही."

"तिला काय झालं धडधाकट पोरीला?"

"तेच बघायला नेणार आहे."

त्या आरतीच्या तयारीला लागल्या. आरतीला धुपाटण्यात निखारे घातले, वर ऊद टाकला. धूर उठला तसं मी उठून धुपाटणं उचललं आणि अंगणात नेऊन ठेवलं. सगळ्यांदेखत, चालू आरतीत. वन्संचं टाळी वाजवणं थांबलं. मला वाटलं आता उठून जातात. हे एकटेच मोठ्याने म्हणत राहिले, बेसूर, आणि मग हळूहळू बाकीच्यांनी सूर धरला.

वन्सं जेवल्या नाहीत, उपास आहे म्हणाल्या. उपास तर सगळ्यांनाच होता. फराळाचं पण घेतलं नाही. जाताना रेश्माच्या हातावर शंभराची नोट ठेवून गेल्या. माझ्याशी बोलल्या नाहीत. वाईट वाटलं. धुपाटणं उचललं त्याचं नाही वाटलं.

५ ऑक्टोबर

रेश्माला घेऊन नगरला. विजयला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, मी येईपर्यंत थांबा. थांबले नाही.

तिला नळीत फुंकायच्या तपासणीला आत घेतलं, मला बाहेर बाकावर बसवलं. दार अर्धवट लोटलेलं. आतून बाई सांगत होती, "जोरात, ताई, जोरात सोडा. अजून. अजून. थांबू नका, अजून..." आणि मध्येच खोकला. "परत करू." परत तेच. परत खोकला. मी बाकाची कड धरून बसले होते. बाजूच्या म्हाताऱ्याने विचारलं, "मुलगी का?" मी हो म्हटलं.

बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम. हातात एक कागद, त्यावर वाकडी रेघ. "आत्या, चांगली हाय का ही?"

मला त्यातलं काय कळतंय. मोठे डॉक्टर आज नव्हते, सोमवारी बघून सांगतील म्हणाले.

एसटीत तिला खिडकीशी बसवलं. वाटेत झोपली, डोकं माझ्या खांद्यावर. मी कान देऊन होते. एसटीचा आवाज फार. एकदा वाटलं शीळ आहे, एकदा वाटलं नाही. घोडेगाव आलं तरी तिला उठवलं नाही, कंडक्टर ओरडला तेव्हा उठवलं.