गार्डाचा डबा

प्रिय मानसिंग,

अक्काचं पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होते, पण 'हॅलो' म्हटल्यावर पुढं काय बोलायचं ते सुचेना. कागदावर मधेच थांबलं तरी कुणी 'ऐकू येतंय का' म्हणत नाही.

हायवेचं काम निघालं आणि सोलापूर रोडची सगळी वाहतूक आपल्या आतल्या रस्त्यावर लोटली, तेव्हा मी अजितला म्हटलं होतं, पोरा, भिगवणचा बाजार आता सोड. बैलगाडीच्या मापाचा तो रस्ता. त्यावर कंटेनर, टँकर, उसाचे ट्रॅक्टर आणि मधेच अडकलेली एसटी. पण हळूहळू मला त्या वाटेची गोडी लागली, कारण तिथून रेल्वे दिसते. आबा आपल्याला बाजाराला न्यायचे तेव्हा तीन ठिकाणी बैल थांबवायचेच. ओढ्याच्या चिंचेखाली, तिथून अरुंद रुळांवरची ती बुटकी गाडी धापा टाकत येताना दिसायची. मग आपलं रेल्वेचं फाटक. आणि शेवटी भिगवणजवळचं टेकाड, जिथून मोठ्या लाइनीवरची मालगाडी संपता संपायची नाही. चिंच आता गेली रे, पण फाटक आणि टेकाड आहे.

आपण दोघं डबे मोजायचो आणि दर खेपेला तुझा एक जास्त भरायचा. तू शेवटचा गार्डाचा डबाही धरायचास. मी म्हणायची, त्यात माल नसतो, तो कसला डबा? तू नाक फुगवून म्हणायचास, "माणूस बसतोय न्हवं त्यात? मग डबाच की!" आबा हसत हसत बैलांना हाकायचे. निकाल त्यांनी कधी दिलाच नाही.

तुझ्या निकिताच्या लग्नाचंही तसंच झालं. पत्रिकेत चुलत्यांची, मामांची, गावच्या पुढाऱ्यांचीसुद्धा नावं होती, फक्त तुझ्या दाजींचं राहिलं. तू म्हणालास, छापखान्याची चूक. हे म्हणाले, "पुढाऱ्यांची बरी न्हाईत गळाली? जावईच नेमका गळाला व्हय!" आणि मी आत्या असून अक्षता टाकायला आले नाही. तिला मुलगी झाल्याचं मला बाजारात, मेथी विकताना, तिसऱ्याच बाईकडून कळलं. मी त्या बाईला जुडी फुकट दिली आणि तोंड फिरवून बसले.

त्यानंतर तुझं तोंड दिसलं ते थेट फाटकावर. आम्ही भाजी घेऊन भिगवणकडं निघालेलो, तू पेरू घेऊन बारामतीकडं. फाटक पडलं आणि पलीकडं पहिलीच पिकअप तुझी. मग बऱ्याच रविवारी हेच. फाटक पडलं की तुझे दाजी पेपर उघडायचे, पण पान काही उलटायचं नाही. तू उतरून टायरला लाथा मारत हवा बघायचास. एवढी हवा कुणी बघतं का रे? आणि मी आपली रेल्वे बघायची. मालगाडी आली की डब्यांच्या फटीतून तू दिसायचास, ओठ हलताना. मला कळायचं, मोजतोयस.

दिवाळीच्या आधीची ती गाडी आठवते? गार्डाचा डबा निघून गेला आणि तू माझ्याकडं बघून एक बोट वर केलंस. दाजी पेपराआडून म्हणाले, "कुणाला खुणावतोय त्यो?" मी म्हटलं, "गार्डाला." माझं बोट पदरातच राहिलं, मानसिंग.

आता हायवे मोकळा झाला. गेल्या रविवारी अजित म्हणाला, "सरळ हायवेनं जाऊ, अर्धा तास वाचंल." तर दाजी म्हणतात, "आतल्या रस्त्यानंच घे."

"तितं काय हाय आता?"

"रेल्वे बघायची हाय."

वर्षभर ज्यांनी पेपरावरनं डोळा काढला नाही, त्यांना रेल्वे बघायची! अजित हसला, तर त्याच्यावरच डाफरले, "दात काय काढतोयस? तुझ्या आईसाठी म्हणतोय मी."

गेलो. रस्ता ओस पडलेला. फाटक पडलं. पलीकडं शेळ्या घेऊन एक म्हातारा, बाकी कुणी नाही. तू हायवेनं गेला असणार. जाणारच, सरळ रस्ता सोडून कोण आडवाटेला येईल? मालगाडी गेली. ह्यांनी पेपराची घडी घातली, पलीकडं बघितलं, आणि फाटक उघडलं तरी अजितला म्हणाले, "जरा थांब." मागून कुणी हॉर्न वाजवायलाही नव्हतं. थांबलो. तू आला नाहीस.

म्हणून हे पत्र. तुझे दाजी तोंडानं बोलणार नाहीत आणि त्यांचं 'जरा थांब' तुला ऐकू गेलं नाही, मग मधल्या माणसानंच लिहायला हवं. येत्या रविवारी आम्ही त्याच रस्त्यानं येतोय. तूही ये. टायर बघू नकोस. फाटक उघडलं की चार पेरू घेऊन चालत अलीकडं ये. दाजी आधी एक टोमणा मारतील, तो ऐकून घे, तेवढा जावयाचा मान. आणि गार्डाचा डबा धरायचा, मला कबूल आहे. फक्त हल्ली पुष्कळ मालगाड्यांना तो नसतोच रे. आहे तोवर ये.

तुझीच,
दर गाडीला एक डबा कमी मोजणारी
प्रयागअक्का