असले जपानी सिनेमे मी बघत नाही

२ एप्रिल

आज चादर एकटीनं घडी करताना आठवलं. पूर्वी हे आणि मी दोन टोकांना उभे राहायचो. मी दाराकडे तोंड करून, हे टीव्हीकडे. टोकं जुळवत एकमेकांकडे चालत यायचं. एका रविवारी हे मध्येच थांबले. टीव्हीवर कुणी जपानी माणूस तलवारीनं मुंडकी उडवत होता. मी म्हटलं, अहो, चादर. हे म्हणाले, थांब गं, आता म्हातारा मरतोय. म्हातारा मरेपर्यंत मी टोक धरून उभी. टीव्हीकडे पाठ करून, हे इथे नोंदवून ठेवते.

हे गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यांच्या असल्या डीव्हीडींनी कपाटाचे दोन खण अजून अडलेत. आज सुनेचा फोन. म्हणाली, आई, ते सगळं काढून टाका हं, नाहीतर चिमणीला सुट्टीत तुमच्याकडे कशी ठेवू? पोरीच्या हाती लागलं तर? मग माझ्या आईकडेच ठेवावं लागेल.

तिची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई. टीव्हीवर सासू-सुनांच्या मालिका बघून डोळे पुसणारी बाई. तिच्याकडे महिनाभर राहिली तर नात आमची राहायची नाही.

ठरलं. उद्या सगळं भंगारात.

३ एप्रिल

भंगारवाला आला होता. त्याला परत पाठवलं. न बघता टाकणं बेजबाबदारपणाचं. त्यात एखादी लग्नाची कॅसेट उतरवलेली असली तर?

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, वाईट पुस्तक चाळायची वेळ आलीच तर उभ्यानं चाळावं, म्हणजे गोडी लागत नाही. तोच नियम लावते. उभ्यानं तपासायचं आणि टाकायचं.

३ एप्रिल, दुपारी

एक तपासली. एका नवरीच्या छत्रीत अकरा सुऱ्या. नवऱ्याला मारणाऱ्यांना ती एकेक करून गाठते. पांढरीशुभ्र साडी म्हणावी तसला झगा घालून! मी हॉस्पिटलच्या लिनन रूमची इनचार्ज होते, आयुष्य रक्ताच्या डागांत गेलं, मला कोण शिकवणार? रक्त असं कारंज्यासारखं उडत नाही. असं टोमॅटोसारखं लाल राहतही नाही, घटकाभरात तपकिरी पडतं. आणि पुढच्या दृश्यात बाईचा झगा पुन्हा पांढरा! कुणी धुतला? गार पाण्यात भिजवला होता का? मूर्ख लोक.

शेवटपर्यंत बघावी लागली, कारण लग्नाची कॅसेट असलीच तर शेवटीच असणार. गुडघे धरलेत.

६ एप्रिल

स्टूल घेतलं. स्टूल म्हणजे काही बसणं नव्हे, पाठ टेकत नाही.

आजचा सिनेमा पोस्टमनांच्या टोळीचा. चुकीच्या पत्त्यावर राहणाऱ्यांना ठार मारतात. म्होरक्याला प्रत्येक खुनाआधी शिंक येते. याला कथा म्हणायचं? हे असल्यांवर हसायचे तेव्हा मी स्वयंपाकघरातून भांडी आपटायचे. बरोबरच करत होते.

त्याला शिंक आली की मलाही हसू येत होतं. पण ते तिरस्काराचं.

१० एप्रिल

आजच्या सिनेमात हॉटेलच्या न्हाणीघरातलं पाणी माणसं खातं. फालतू. दोनदा तपासली, कारण पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली आणि मॅनेजरला पाण्यानं कुठून धरलं ते निसटलं.

आज आंघोळ तांब्यानं, उभ्यानं, दार उघडं ठेवून केली. हवा यावी म्हणून.

१३ एप्रिल

सुनेनं विचारलं, टाकलं का? मी म्हटलं, चालू आहे. ती म्हणाली, एवढं काय चालू आहे, आई? एक पिशवी भरायची आणि खाली ठेवायची. मी म्हटलं, तुमच्या पिढीला निवडणं माहीतच नाही. तांदूळसुद्धा निवडलेले आणता.

फोन ठेवताना लक्षात आलं, मी आरामखुर्चीत होते. पाठ टेकून.

१७ एप्रिल

छत्रीवालीचा दुसरा भाग खणात मागे सापडला. तिला आता मुलगी आहे. मुलीलाही छत्री. अगदीच टाकाऊ. शेवटी मुलगी आईला ओळखत नाही, तिथं डोळ्यांत पाणी आलं. पडदा जुना आहे, डोळ्यांना त्रास होतो.

तिसरा भाग असणारच. शोधायला हवा. अर्धवट संच टाकणं बरं दिसत नाही.

२२ एप्रिल

आज शेवट केला. मन घट्ट करून सगळ्या डीव्हीडी एका उशीच्या अभ्र्यात भरल्या आणि तोंडाला लाल फीत बांधली. लिनन रूमची आमची पद्धत. लाल फीत म्हणजे संसर्गाचं गाठोडं, हात लावायचा नाही. पांढरी फीत म्हणजे धुतलेलं, वॉर्डात न्या. तीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही.

पांढऱ्या फितीत चिमणीसाठी विकत आणलेली कार्टून बांधली. मुलाला फोन करून सांगितलं, मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातेय, तुझ्याकडची किल्ली लाव आणि टेबलावरचं चिमणीचं गाठोडं घेऊन जा. लाल गाठोडं भंगारवाल्यासाठी शेजारीच ठेवलं. सुनेला कळवलं, घर स्वच्छ. ती म्हणाली, थँक्यू आई.

विहीणबाई, बसा आता मालिका बघत!

२२ एप्रिल, संध्याकाळी

टेबलावर पांढरी फीत आहे.

मुलाला फोन लावला. म्हणाला, अगं, लाल रिबन बांधलेलं गिफ्ट नेणार की मळकट पांढऱ्या चिंधीचं? चिमणी तिकडच्या आजीकडे होती म्हणून तिकडेच देऊन आलो. मी म्हटलं, अरे गाढवा, लाल म्हणजे संसर्ग! तो म्हणाला, कुठल्या जगात, आई?

ज्या जगाच्या पगारावर तू शिकलास त्या.

२३ एप्रिल

फोन नाही. मीही केला नाही. डीव्हीडींच्या जागी खणात उशा ठेवल्या. तरी खण रिकामेच दिसतात.

२५ एप्रिल

विहीणबाईंनी लेकीकडे तक्रार केलीच. कसली घाणेरडी चित्रं हो तुमच्याकडे, असं मला फोनवर म्हणाल्या. चिमणी पोहायला गेली होती म्हणून वाचली. तिला दाखवण्याआधी आपण तपासावं, म्हणून बाईंनी एक लावली. मग दुसरी. गाठोडं संपेपर्यंत तपासत होत्या.

तपासत होत्या म्हणे! काय ढोंगी बाई आहे.

२७ एप्रिल

सून आली. मी चहा केला, तिनं कप हातात धरून ठेवला, प्यायला नाही. मी म्हटलं, एक संधी दे. गाठोडं आणून तुझ्यासमोर फोडते. नातीला या खोलीत झोपवीन, मी बाहेर झोपेन. हवं तर टीव्हीच काढते.

ती म्हणाली, आई, सिनेमांचं जाऊ द्या. चिमणी सुट्टीत पोहण्याच्या शिबिराला जातेय, मैत्रिणींबरोबर. तिचं नाव मार्चमध्येच घातलंय. तुम्हाला सांगवेना, म्हणून मी आपलं सिनेमांचं निमित्त पुढे केलं. वाटलं, तुम्ही ते काही टाकणार नाही, मग बोलायची वेळच येणार नाही. त्या दिवशी तुम्ही घर स्वच्छ म्हणालात आणि मला रात्रभर झोप नाही.

मी विचारलं, आणि तुझ्या आईकडे? म्हणाली, तिलाही नाही म्हणाली चिमणी. ती अकरा वर्षांची झाली, आई. तिला आता कंटाळा येतो आजीकडे.

कुठल्या आजीकडे, हे मी विचारलं नाही. चहा गार झाला होता, तो ओतून दुसरा केला.

६ मे

विहीणबाई गाठोडं परत द्यायला आल्या. दारातच म्हणाल्या, त्या छत्रीवालीचा तिसरा भाग आहे का हो? मी म्हटलं, असले सिनेमे मी बघत नाही. त्या म्हणाल्या, मी तरी कुठे बघते? पण त्या मुलीचं पुढे काय झालं?

पंख्याखाली बसलो. पोस्टमनाचा लावला. बाई प्रत्येक शिंकेला दचकते आणि माझा हात धरते. हात नेहमी गार. बघायची काही अक्कल नाही.

१४ मे

चिमणीचा शिबिरातून फोन आला होता. मजेत आहे, पाण्याखाली डोळे उघडे ठेवता येतात. विहीणबाईंनाही केला होता म्हणे, माझ्यानंतर. मी त्यांना तीनदा विचारून घेतलं, नंतर ना?

माझ्यामागे वाद नकोत, म्हणून लिहून ठेवते. छत्रीवालीचे दोन्ही भाग विहीणबाईंना. दुसऱ्या भागात शेवटी चरा आहे, तिथं प्लेअरला हलकी थाप मारावी. पोस्टमनाचा मुलाला. तो बापासारखा शिंकतो. न्हाणीघराचा सुनेला. तासभर आंघोळ करते, तिनं एकदा बघावाच. कार्टून भंगारवाल्याला. प्लेअर आम्हा दोघींत मागे राहील तिचा.

चिमणीला यातलं काही द्यायचं नाही. तिनं आपण होऊन मागितलं तर सगळ्यांकडून परत घेऊन तिला द्यावं, आणि मी गेलेली असले तर विहीणबाईंनी शेजारी बसावं.